आरमारी इस्पितळातली साहेबांची घरं

मुळशीच्या उत्तरेचे डोंगर ओलांडले की लोणावळं. समुद्र सोडून घाटमाथ्यावर येऊन बसलेला 'आयएनएस शिवाजी' हा नौदलाचा तळ इथे १९४५ पासून आहे आणि नौदलाचं 'कस्तुरी' रुग्णालयही. कुलाब्याला 'अश्विनी', गोव्यात 'जीवंती'. नावं आपल्या मातीतली, पण खलाशांचं वेगळं इस्पितळ बांधायचं आणि डॉक्टरांना त्याच आवारात राहायला घरं द्यायची, ही पद्धत इंग्रजी आरमाराने जॉर्ज राजांच्या काळात बसवली. तिचा ठसठशीत नमुना म्हणजे पोर्ट्समथच्या खाडीच्या तोंडाशी, गॉस्पोर्टला असलेलं हॅस्लर.

त्याआधी आजारी खलाशांना बंदरातल्या खाणावळींत आणि भाड्याच्या खोल्यांत ठेवत. तिथे औषधापेक्षा दारू लवकर मिळे. बरा झालेला गडी जहाजावर परतण्याऐवजी पोबारा करी. जबरदस्तीने भरती केलेल्यांकडून दुसरी अपेक्षा तरी काय ठेवणार? १७४६ मध्ये हॅस्लरचं काम सुरू झालं, १७५३ मध्ये पहिले रुग्ण आले. थिओडोर जेकबसन यांनी आराखडा चौसोपी वाड्यासारखा काढला होता; चौथा सोपा मात्र कधीच झाला नाही.

१७५८ मध्ये इथे मुख्य वैद्य म्हणून आले जेम्स लिंड. १७४७ मध्ये 'सॅलिसबरी' जहाजावर त्यांनी स्कर्व्हीच्या बारा रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघं झपाट्याने सुधारले. हॅस्लरला लिंड पंचवीस वर्षं राहिले. त्यांच्या वॉर्डांत रोग बरे होत होते, पळापळ मात्र थांबत नव्हती. खलाशी चक्क गटारांतून निसटत. शेवटी तिथे लोखंडी गज बसवावे लागले.

लिंड १७९४ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी आरमाराने जहाजांवर लिंबाचा रस अधिकृतपणे सुरू केला आणि त्याच वर्षी इस्पितळाचा कारभार वैद्यांकडून काढून नौदलाच्या कप्तानाकडे, म्हणजे 'गव्हर्नर'कडे दिला! डॉक्टर शहाणा ठरला आणि डॉक्टरांची सत्ता गेली.

ही उतरंड घरांत उघड दिसते. त्याच दशकाच्या अखेरीस आवाराच्या मागच्या अंगाला अधिकाऱ्यांसाठी विटांच्या घरांची ओळ उभी राहिली. मधोमध गव्हर्नरचं मोठं घर, दोन्ही हातांना वैद्य-शल्यविशारदांची. जॉर्जकालीन घरांचा थाट ठरलेला: उंच सरकत्या खिडक्या, तळघरात स्वयंपाक, माळ्यावर नोकर. कोणाचा शब्द शेवटचा, हे विचारायची गरजच नव्हती.

प्लिमथजवळच्या स्टोनहाउसला १७६० च्या दशकात झालेलं इस्पितळ जास्त हुशारीचं, असं म्हणावं लागतं. तिथे वॉर्ड सुट्या सुट्या इमारतींत विभागले होते, म्हणजे एकीतली साथ दुसरीत जाऊ नये. १७८७ मध्ये फ्रेंच शल्यविशारद जाक तनों ते पाहायला मुद्दाम गेले होते.

स्टोनहाउसचं इस्पितळ १९९५ मध्ये बंद झालं, हॅस्लर २००९ मध्ये. दोन्ही आवारांत आता निवासी वसाहती आहेत आणि तिथल्या जुन्या इमारतींत नौदलाशी काडीचा संबंध नसलेली माणसंही राहतात.