नवेगाव बांधचे पाणी कुणाकुणाचे

नागपूर-रायपूर महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून दक्षिणेला, अर्जुनी मोरगावच्या वाटेला लागले की नवेगाव बांध येते. गोंदिया जिल्ह्यातले हे तळे पर्यटकांच्या यादीत पक्षी, नौकाविहार आणि व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार म्हणून नोंदलेले आहे. आलेला माणूस काठावर उभा राहतो, पलीकडच्या डोंगरांचे फोटो काढतो आणि हे सरोवर निसर्गानेच घडवले असे समजून परत जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. सरळ रेषेतली उंच भिंत, लोखंडी दरवाजे, कोनशिला, असे धरणाचे एकही ओळखीचे लक्षण इथे नजरेत भरत नाही. टेकड्यांच्या सोंडांमध्ये जिथे जिथे वाट मोकळी होती, तेवढीच माणसाने मातीदगडाने बुजवली. उरलेले धरण टेकड्यांचेच आहे. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले रिचर्ड टेंपल यांनीही एकोणिसाव्या शतकात भंडाऱ्याकडच्या तळ्यांबद्दल नेमके हेच टिपले होते: ही काही आखीव काठांची तळी नव्हेत, डोंगरांचाच बांध करून घेतलेले हे अघळपघळ पाणी आहे.

हा बांध घातला कोलू पाटील कोहळी यांनी, अठराव्या शतकाच्या आरंभी. जुन्या सरकारी नोंदींत तळ्याचे क्षेत्र पाच चौरस मैल आणि घेर सतरा मैल दिलेला आहे. एका गावच्या पाटलाच्या खात्यावर एवढे काम जमा आहे, हे वाचून पुन्हा एकदा आकडा तपासावासा वाटतो. गावाने या माणसाला पुढे देव केले. कोलासूर या नावाने काठच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आहे. शेजारच्या टेकड्या सातबहिणी म्हणून ओळखल्या जातात. दिवसभर खपून मजूर घरी गेले की या सात बहिणी रात्री येऊन माती वाहत, अशी कथा आहे. कोलासुराच्या टेकडीवरचे पांढुरके-पिवळे दगड म्हणजे त्यांच्या टोपल्या. रात्रपाळीची मजुरी कुणी दिली, हे मात्र कथा सांगत नाही.

कोहळी हा तळी बांधण्यात आणि ऊस-धान पिकवण्यात मुरलेला समाज. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना आपल्या पूर्वजांना सोबत आणले, असे हे लोक सांगत आले. गोंड राजवटीची रीतही मोठी व्यवहारी होती. जंगल तोडून जमीन वाहितीला आणणाऱ्याला जमीन, आणि तळे बांधणाऱ्याला त्या तळ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचा हक्क. राजाने खजिन्यातून पैसा काढला नाही आणि तरीही वैनगंगेच्या खोऱ्यात तळ्यांचे जाळे उभे राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून अशी साडेसहा हजारांहून अधिक तळी मोजली जातात. पुढे मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात आल्यामुळे ती मालगुजारी तळी झाली, मालगुजारी गेल्यावर ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्याच्या ओघात ‘मामा तलाव’.

जिथे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे तळी कशाला, असा प्रश्न कोरडवाहू मुलखातल्या माणसाला पडेल. उत्तर धानात आहे. आषाढात रोवणी उरकली, श्रावणात बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, भरल्या, सगळे छान चालले, आणि धान पोटरीत आला की पाऊस दडी मारतो. हस्ताचे नक्षत्र कोरडे गेले की दाणा भरत नाही आणि हाती पोचट लोंब्या येतात. लवकर पिकणारा हलका धान तोवर निभावून जातो. भारी धानाला मात्र आणखी काही आठवडे पायाखाली ओल लागते. तळे आहे ते त्या दोन-तीन पाण्यांसाठी. बारमाही कालव्याची ऐट त्याने कधी मिरवली नाही. ज्याच्या बांध्या तळ्याखाली, तो भारी धान लावतो. ज्याच्या वर, तो हलक्यावर भागवतो. गावच्या शिवाराकडे पाहून तळ्याचे पाणी कुठवर पोचते हे सांगता येते, नकाशा लागत नाही.

पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. जुन्या पद्धतीच्या तुडुमात पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या, आतल्या अंगाने पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले दगडी बांधकाम, त्यात एकाखाली एक भोके आणि प्रत्येक भोकाला खुंटा. तळे भरलेले असताना वरचा खुंटा काढायचा. पाणी उतरत गेले की एकेक पायरी खाली. पाण्याच्या दाबाशी कुस्ती नाही, चक्र नाही, ग्रीस नाही. सगळ्यात खालचे भोकही तळाच्या बरेच वर असते, त्यामुळे कितीही हाव सुटली तरी तळे पुरते रिते करता येत नाही. पाटात पडलेले पाणी बांधीतून बांधीत उतरते आणि ते कुणाकडे किती वेळ जाईल हे पाहायला गावाने पाणकर नेमलेला असे. त्याला मेहनताना धानात मिळे. पीक बुडाले तर त्याचेही बुडाले, त्यामुळे पाळीपाळीने पाणी फिरवण्यात त्याचा स्वतःचाच स्वार्थ होता.

तळाशी राखलेले पाणी गावाचे. आंघोळी, धुणी, गुरांचा पाणवठा, घर लिंपायला गाळाची माती, हे सगळे मिळून इकडे एकच शब्द चालतो: निस्तार. पिण्याचे पाणी विहिरीचे, पण त्या विहिरी पाळीच्या खालच्या बाजूला खोदलेल्या. तळ्याचा पाझर लागतो म्हणून त्या चैत्र-वैशाखात तग धरतात. नळयोजनेच्या कागदावर हातपंप आणि विहिरी एका रकान्यात, सिंचन दुसऱ्या रकान्यात असते. जमिनीखाली तो रकाना कुणी आखलेला नाही. पाळ फुटली तर धान जातो आणि मागोमाग घागरही रिकामी येते.

तिसरा हिस्सा ढीवरांचा. मासे, शिंगाडा, कमळकाकडी, आणि काही तळ्यांत आपोआप उगवणारे देवधान, यांवर या समाजाचे पोट चालत आले. माझ्या मते तळ्याची तब्येत शेतकऱ्याहून ढीवराला जास्त कळते. शेतकऱ्याला पाणी किती आहे याच्याशी मतलब. ढीवराला ते कसे आहे, तळाशी कोणती वनस्पती आहे, उथळ कडा शाबूत आहेत का, याच्याशी. मासळी अंडी घालते ती याच उथळ, गवताळ कडांना.

1950च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि पुढच्याच वर्षी तळी सरकारजमा झाली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. मालगुजार जाण्याचे दुःख कुणाला असण्याचे कारण नाही. वेठ आणि वसुली लोकांना पुरेशी आठवत होती. पण मालगुजाराबरोबर पाळीची दरसालची डागडुजी करून घेणाराही गेला. लोकांचे हक्क निस्तार-पत्रकात नोंदले गेले आणि तळे वाटले गेले दफ्तरांत. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारी तळी जिल्हा परिषदेकडे, मोठी राज्य सरकारच्या खात्यांकडे. मासळीचा ठेका निराळा, काठच्या जंगलाचा मालक निराळा. पाणीपट्टी लागली तेव्हा, आजवर फुकट मिळालेल्या पाण्याचे पैसे कसले, म्हणून लोक अडून बसले. पट्टी येत नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पट्टी नाही. गाळ साठत गेला. उथळ झालेल्या तळ्यांत बेशरमाची झुडपे माजली.

मासळीचे उत्पन्न वाढावे म्हणून रोहू, कतला, मृगळ आणि गवत्याचे बीज सोडले गेले. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो, आणि वनस्पती गेल्या की मरळ-शिंगीसारख्या गावठी माशांना आसरा उरत नाही. हे सगळे उलगडून सांगितले ते याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने. मंडळाचे मनीष राजनकर आणि स्वतः ढीवर समाजातले, पाण्यात वाढलेले पतिराम तुमसरे यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून तळ्यांतला बेशरम उपटला, तळ नांगरला, पाणवनस्पती आणून लावल्या आणि मग गावठी मासे सोडले. कामाचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्याकडे तलाव दुरुस्ती म्हटली की आधी पोकलेन येतो. तो गाळ काढतो आणि त्याच झटक्यात उथळ कडाही खरवडतो. पाण्याचा साठा वाढल्याचा आकडा खरा असतो आणि ढीवराचे जाळे रिकामे असते.

नवेगाव बांधचे तळे मोठे आणि नावाजलेले, म्हणून त्याच्यावर हक्क सांगणारी खातीही मोठी. 1975मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी या मुलखाला मराठी वाचकाच्या घरात नेले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तकच आहे. पक्ष्यांची, झाडांची आणि पाण्याची पुष्कळशी स्थानिक विद्या आपल्याला इथल्या माधवराव पाटलांकडून मिळाली, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. जंगल राखले गेल्याने तळ्यात येणारी माती कमी झाली, हा उद्यानाचा उघड फायदा. ज्यांचे पोट काठावर आहे त्यांना आता परवानगीची भाषा शिकावी लागते, ही दुसरी बाजू. 2006च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या मासळीवरचा सामूहिक हक्कही मोडतो. ग्रामसभांनी तो मागायचा आहे आणि सरकारने तो द्यायचा आहे. दोन्ही कामे सावकाश चालतात.

जायचे तर कधी, हा प्रश्न राहिला. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. गोंदिया-चांदा फोर्ट रेल्वेमार्गावरचे देवलगाव स्टेशन जवळ आहे. पण तळे काय काम करते हे पाहायचे असेल तर सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरात, पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांनी या. नावेचे तिकीट काढण्याआधी पाळीच्या मागच्या उतारावरून खाली जा. पाट वाहत असला तर त्याच्या कडेने चालत राहा. कुणाच्या बांधीत पाणी शिरले आहे, कुणी अजून ताटकळत उभा आहे आणि कुणाचा आवाज चढला आहे, हे पाहिले की या तळ्याची बरीचशी माहिती उभ्याउभ्या मिळते.