देवळाचा तांबडा ठसा: गोशुइनबद्दलचे समज आणि खरं काय

जपानमधल्या देवळात दर्शनानंतर वहीत तांबडा ठसा उमटवून त्यावर कुंचल्याने काळी अक्षरं लिहून देतात. याला गोशुइन म्हणतात. भोरलगतच्या उत्रोलीहून पुणं दीड-दोन तासांवर, आणि पुणं हे जपानी शिकणाऱ्यांचं मोठं केंद्र. शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्यांबरोबर ही घडीची वही मराठी घरांतही येते. ती चाळताना जे समज कानावर पडतात, त्यांतले बरेच चुकीचे असतात.

सगळ्यात रुजलेला समज म्हणजे हा पर्यटकांसाठी काढलेला आठवणीचा शिक्का आहे. मुळात ती पोचपावती होती. यात्रेकरू बौद्ध सूत्राची स्वहस्ते नक्कल करून देवळाला अर्पण करायचे आणि ती मिळाल्याची खूण म्हणून देऊळ ठसा द्यायचं. आज बहुतेक ठिकाणी सूत्र लिहून न्यावं लागत नाही, शिंतो देवस्थानंही गोशुइन देतात. पण आधी दर्शन, मग ठसा हा क्रम कायम आहे. थेट खिडकीवर जाऊन वही पुढे करणं तिथे बरं दिसत नाही. साधारण 300 ते 500 येन द्यावे लागतात, आणि तिथले लोक ती देवळाला दिलेली दक्षिणाच समजतात.

आठवणीचे शिक्के जपानमध्ये आहेतच, पण ते वेगळे. रेल्वे स्थानकांवर टेबलावर शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते. आपला आपण उमटवायचा, फुकट. ही प्रथा 1931 साली फुकुई स्थानकावर सुरू झाली. लहान मुलांना त्याचा फार आनंद होतो. मात्र हे शिक्के गोशुइनच्या वहीत मारू नयेत. तशी सरमिसळ दिसली तर काही देवळं त्या वहीत लिहायला नकार देतात. आणि पासपोर्टवर तर हौसेचा कुठलाच शिक्का नको. पासपोर्ट आपल्या खिशात असला तरी मालकी भारत सरकारची असते, आणि असल्या शिक्क्यापायी विमानतळावर अडकून पडायची वेळ येऊ शकते.

प्रत्येक देवळात गोशुइन मिळतोच, हेही खरं नाही. क्योतोतली हिगाशी होंगान-जी आणि निशी होंगान-जी ही जोदो शिन्शू पंथाची दोन मोठी मंदिरं गोशुइन देत नाहीत. तसंच, वहीत न लिहिता सुटा कागद हातात दिला म्हणजे फसवणूक झाली असं मानू नये. लिहिणारे जागेवर नसले किंवा गर्दी असली की आधी लिहून ठेवलेला कागद देतात. तो वहीत चिकटवायचा.

आता 'ते सगळं चिनी-जपानी, आपल्याला त्यातलं काय कळणार' हा समज. मला तो मनापासून खोडून काढावासा वाटतो. एक पान नीट बघू. अक्षरं वरून खाली, ओळी उजवीकडून डावीकडे. उजवीकडे वर 'होहाइ', म्हणजे आदरपूर्वक वंदन. सोबत तारीख, तीही बहुधा तिथल्या शकाप्रमाणे: 'रेइवा 7' म्हणजे 2025, कारण रेइवा 1 मे 2019 ला सुरू झाला. मधे देवतेचं किंवा तिच्या दालनाचं नाव, डावीकडे देवळाचं. आणि बौद्ध मंदिर असेल तर मधल्या तांबड्या ठशात किंवा काळ्या अक्षरांत पुष्कळदा एक संस्कृत बीजाक्षर असतं! ते सिद्धम् लिपीत असतं. कूकाई हा भिक्षू चीनमध्ये ही विद्या शिकून 806 मध्ये जपानला परतला. सिद्धम् आणि आपली देवनागरी या दोन्ही ब्राह्मीच्याच लेकी. शिकोकू बेटावरच्या 88 मंदिरांच्या यात्रेत तर अशी बीजाक्षरं पानोपानी भेटतात. अमिदा बुद्धाचं 'ह्रीः', कान्नोनचं, म्हणजे अवलोकितेश्वराचं, 'स'. पहिल्या नजरेत वाचता येत नाहीत, पण एकदा कुणी दाखवली की पुढच्या पानावर आपणच बोट ठेवतो.

आपल्याकडे असं काही नव्हतं, असंही म्हणतात. होतं, पण उलट बाजूने. त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वह्यांत गावागावांच्या घराण्यांची नावं पिढ्यान् पिढ्या नोंदलेली आहेत, जुनी नोंद मोडीत. तिकडे देवळाचं नाव यात्रेकरूच्या वहीत जातं, इकडे यात्रेकरूचं नाव तीर्थाच्या वहीत राहतं. माध्व वैष्णव घरांत तर आषाढी एकादशीला शंख-चक्राची तप्त मुद्रा अंगावरच घेतात.

आणि हाताने उमटवलेल्या तांबड्या ठशाचं भोरला तरी अप्रूप नसावं. भोर संस्थानाने 1879 मध्ये अर्धा आणा आणि एक आण्याची स्वतःची टपाल तिकिटं काढली, ती देशी कागदावर हाताने ठसा मारून, किरमिजी रंगात. मागे डिंक नाही, कडेला भोकं नाहीत. जगभरच्या तिकीटसंग्राहकांच्या सूचीत ती भोरच्या नावाने आहेत. उत्रोलीतल्या शाळेत मुलांना ही तिकिटं, निदान चित्रात तरी, कुणीतरी दाखवायला हवीत.

दुर्मिळ गोशुइन विकून पैसे मिळतात, हा समज मात्र त्रासदायक आहे. 1 मे 2019 ला नव्या शकाच्या पहिल्या दिवसाची तारीख मिळावी म्हणून तोक्योच्या मेइजी देवस्थानात लोक तासन् तास रांगेत उभे राहिले, आणि असे ठसे मग इंटरनेटवर विक्रीलाही दिसतात. देवस्थानांना हे दुखावणारं वाटतं, आणि ते योग्यच आहे. ज्याने दर्शनच घेतलं नाही, त्याच्याजवळच्या पावतीला काय अर्थ?

जाणाऱ्याने एवढं करावं. वही पहिल्याच मोठ्या देवळात विकत घ्यावी, ती तिथेच मिळते. देताना कोरं पान उघडून द्यावी, सुटी नाणी जवळ ठेवावीत, लिहिणाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये. अनेक ठिकाणी खिडकी दुपारी चार-साडेचारला बंद होते, तेव्हा ठशाची देवळं सकाळीच उरकावीत आणि बाजारहाट संध्याकाळी.