रुग्णवाहिकेतील नेतृत्वकौशल्ये आणि रुग्णसुरक्षा : एक विवेचन

प्रस्तावना :
आपत्कालीन वैद्यकीय सेवेत रुग्णावरील पहिला उपचार बहुधा रुग्णालयाबाहेरच होतो. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. प्रत्येक रुग्णवाहिकेत डॉक्टर व प्रशिक्षित चालक अशी तिची रचना होती. अशा लहान पथकात रुग्णाची सुरक्षितता वैद्यकीय ज्ञानाइतकीच परस्परसंवादावर अवलंबून असते. म्हणूनच येथील नेतृत्वाचे स्वरूप तपासणे आवश्यक ठरते.

अधिकार आणि नेतृत्व :
अधिकार पदामुळे मिळतो. नेतृत्व कृतीतून सिद्ध होते. या भेदाचे महत्त्व विमानवाहतूक क्षेत्राने मोठी किंमत मोजून ओळखले. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. धावपट्टी मोकळी आहे काय, अशी शंका उड्डाण अभियंत्याने व्यक्त केली होती. परंतु ज्येष्ठ वैमानिकाने ती बाजूस सारली. अशा दुर्घटनांच्या अभ्यासातून १९७९ नंतर वैमानिक पथकांच्या संवादप्रशिक्षणास चालना मिळाली. पुढे हा विचार वैद्यकीय क्षेत्रानेही स्वीकारला.

प्रत्यक्ष कार्यातील कौशल्ये :
१) पूर्वनियोजन : हृदयक्रिया बंद पडलेल्या प्रौढ रुग्णाच्या छातीवर मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा लागतो. थकव्यामुळे दाबाची खोली घटते. म्हणून दर दोन मिनिटांनी दाब देणारी व्यक्ती बदलणे इष्ट असते. मोठ्या पथकात नेत्याने हात मोकळे ठेवून देखरेख करावी, असा संकेत आहे. दोघांच्या पथकात ते शक्य नसते. त्यामुळे कामाची विभागणी घटनास्थळी पोहोचण्यापूर्वीच व्हावयास हवी.
२) प्रत्युच्चार : औषधाचे नाव व मात्रा ऐकणाऱ्याने मोठ्याने पुन्हा उच्चारल्यास ऐकण्यातील चूक औषध देण्यापूर्वीच उघड होते.
३) शंकेला वाव : ऑक्सिजन संपत आल्याचे वा स्ट्रेचरचा पट्टा सुटल्याचे चालकाच्या प्रथम लक्षात येऊ शकते. ‘काही राहिले का?’ हा डॉक्टरांचा प्रश्न त्याच्या संकोचाचे निवारण करतो.
४) रुग्णाचे हस्तांतरण : घटनेची वेळ, रुग्णाची स्थिती व दिलेले उपचार क्रमवार न सांगितल्यास तेच औषध दुसऱ्यांदा दिले जाण्याचा धोका संभवतो.

शिक्षणातील स्थान :
२०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या शिक्षणास वैधानिक चौकट दिली. तथापि नेतृत्व हा विषय केवळ व्याख्यानातून आत्मसात होत नाही. अभिरूप प्रसंगांत विद्यार्थ्यास आलटून पालटून कनिष्ठ सहकाऱ्याची भूमिका द्यावी आणि ज्येष्ठाची चूक वेळीच व स्पष्ट शब्दांत दाखविण्याचा सराव करवून घ्यावा. मूल्यमापनात या कौशल्यासही गुण असावेत.

निष्कर्ष :
रुग्णवाहिकेतील नेतृत्वाची कसोटी आज्ञा किती तत्परतेने पाळली जाते यात नाही. चुकीची आज्ञा सहकारी वेळीच थांबवू शकतो की नाही, यातच ती आहे. ज्या पथकात कनिष्ठ व्यक्ती मौन बाळगते, तेथे त्या मौनाची किंमत रुग्णास मोजावी लागते.