रस किती, पोळी किती?

रत्नागिरीतला एक कॅनिंग कारखाना कल्पनेत घेऊ. आकडे सोयीचे, अडचण मात्र खरी. दिवसाला कॅनिंगचा आंबा ६०० किलो आणि मजुरांचे ९० तास हाताशी आहेत. रसाच्या एका पेटीला १० किलो आंबा आणि १ तास लागतो, नफा ३०० रुपये. आंबापोळीच्या पेटीला ५ किलो आणि २ तास, नफा २५० रुपये.

नुसता रस केला तर ६० पेट्यांत आंबा संपतो. नफा १८,००० रुपये, आणि ३० तास मजूर बसून. नुसती पोळी केली तर ४५ पेट्यांत तास संपतात. हाती ११,२५० रुपये. रसाच्या ५० आणि पोळीच्या २० पेट्या केल्या, तर दोन्ही गोष्टी पुरेपूर वापरल्या जाऊन २०,००० रुपये मिळतात. मर्यादांत राहून सर्वाधिक नफ्याचा असा मेळ शोधण्यालाच लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. मर्यादांच्या रेषा आलेखावर काढल्या की एक बहुकोन तयार होतो आणि सर्वाधिक नफा त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतो.

मला यातला जोडलाभ अधिक मोलाचा वाटतो. मजुरीचा आणखी एक तास मिळाला तर नफा सुमारे ६७ रुपयांनी वाढतो. म्हणजे ओव्हरटाइमसाठी नेहमीच्या मजुरीवर त्याहून जास्त मोजणे परवडणार नाही.

शेकडो उत्पादने असली की कागद पुरत नाही. जॉर्ज डांट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत कोपऱ्याकोपऱ्याने पुढे जाते. मुंबई आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी १९८४मध्ये बहुकोनाच्या पोटातून जाणारी वाट दाखवली.