हलत्या कवितांचं दशक

ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा कारभार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी गुंडाळला, त्याला पाच वर्षं होऊन गेली. त्यानंतर दोनच आठवड्यांत, १२ जानेवारीला, जुन्या फाइली चालणंही थांबलं. तेव्हा हळहळ झाली ती बंद पडलेल्या खेळांची आणि कार्टूनची. फ्लॅशमध्ये कविताही लिहिल्या जात होत्या, हे फारसं कुणाच्या गावीही नव्हतं.

संगणकावरच्या साहित्याचा त्याआधीचा इतिहास भराभर उरकतो, कारण तो मला कधी रुचलाच नाही. मायकेल जॉइसची 'आफ्टरनून, अ स्टोरी' ही १९८७ची हायपरटेक्स्ट कथा स्टोरीस्पेस या प्रणालीत बांधलेली. पाचशेहून अधिक तुकडे, आणि कुठल्या शब्दावर क्लिक केलं की गोष्ट वळेल ते मुद्दाम लपवलेलं. वाचक चाचपडतो, कंटाळतो आणि नुसतं रिटर्नचं बटण दाबत बसतो. १९९२मध्ये रॉबर्ट कूव्हर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये 'द एंड ऑफ बुक्स' लिहिलं आणि पुस्तकांच्या तेराव्याची चर्चा सुरू झाली. प्राध्यापक खूश झाले, वाचक फिरकले नाहीत. शेली जॅक्सनची 'पॅचवर्क गर्ल' (१९९५) तेवढी अपवाद. तिच्यात शिवून जोडलेल्या राक्षसिणीचा एकेक अवयव आपल्या मूळ मालकाची गोष्ट सांगतो, आणि ते तुकडे जोडायचं काम वाचकाकडे येतं. क्लिक करायला निदान काही कारण मिळतं.

खरी मजा आली २००० नंतर. सायबरकॅफेत तासाचे पैसे मोजून कविता उघडायची आणि टक्क्यांची पट्टी शंभरला टेकेपर्यंत ताटकळायचं. इनग्रिड अँकरसन आणि मेगन सॅपनार यांची 'क्रूझिंग' (२००१) अशीच भेटली. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात पोरी गाडीत बसून मुख्य रस्त्यावर नुसत्या चकरा मारतात, एवढाच विषय. ओळी आणि छायाचित्रं सिनेमाच्या फितीसारखी पडद्यावरून सरकतात. तिची दिशा, वेग आणि आकार, तिन्ही माऊसच्या जागेवर ठरतात. क्लिक करायचंच नाही, नुसता बाण फिरवायचा. जरा हात चुकला की ओळ भुर्रकन निघून जाते. वाचता येईल असा वेग सापडेपर्यंत दोन-तीन चकरा वाया जातात, आणि गावातल्या त्या पोरींचं तरी दुसरं काय चाललेलं असतं? सूचनांचा एक शब्द न लिहिता कवयित्रींनी स्टिअरिंग वाचकाच्या हातात दिलं होतं.

सोलच्या यंग-हे चँग हेवी इंडस्ट्रीज या जोडीने नेमकं उलटं केलं. त्यांच्या 'डकोटा'त पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं आर्ट ब्लेकीच्या ड्रम्सच्या तालावर आदळत राहतात. थांबवायचं बटण नाही, मागे जायची सोय नाही. पापणी लवली आणि ओळ निसटली, तर पहिल्यापासून बघा. राग यायचा. पण तो राग आणण्याचा निर्णय लेखकांचा होता, कुठल्या कंपनीच्या डिझाइन विभागाचा नव्हता. हे सगळे चमत्कृतीचे खेळ आहेत, साहित्य नव्हे, असं म्हणणारे समीक्षक तेव्हा पैशाला पासरी होते. त्यांनी मात्रा मोजण्यात हयात घालवली आणि वेग हाही कवितेचाच भाग असतो हे मात्र त्यांना दिसलं नाही.

मराठीच्या वाट्याला यातलं जवळजवळ काहीच आलं नाही. २००८ची दहावी आवृत्ती येईपर्यंत फ्लॅशला देवनागरी धड जमत नव्हती. जोडाक्षरं फुटत, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटे. कुणी हौसेने काही केलंच, तर अक्षरांची चित्रं करून ती हलवायची. आपल्याकडे त्या वर्षांत भांडण चाललं होतं ते पान दिसेल की चौकोन दिसतील याचं. प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट वेगळा, तो आधी उतरवून घ्या, मग अग्रलेख वाचा.

एप्रिल २०१०मध्ये ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी 'थॉट्स ऑन फ्लॅश' हे जाहीर पत्र लिहिलं. फ्लॅश बंदिस्त आहे, असुरक्षित आहे, बॅटरी खातो, अशी कारणं दिली. ॲप स्टोअरच्या मालकाने दुसऱ्याला बंदिस्त म्हणावं, यातला विनोद सोडून देऊ. फ्लॅशही काही साव नव्हता. त्याच्यात सुरक्षेची भोकं होती, आणि अंधांच्या वाचनयंत्रांना यातल्या बहुतेक कविता मुक्याच होत्या. पण त्या पत्रातलं एक कारण मला अजून टोचतं, कारण ते खरं होतं. फ्लॅशची पानं माऊसचा बाण नुसता वरून फिरण्यावर अवलंबून आहेत, आणि स्पर्शाच्या पडद्यावर तसा बाणच नसतो. बोट टेकतं किंवा उचललेलं असतं. जॉब्ज यांचा सल्ला होता, नव्या पद्धतीने पुन्हा लिहा. कंपन्यांनी लिहिलं. कवींना त्याचा पगार कोण देणार होतं?

आता फोनवर सगळं एकाच रकान्यात अंगठ्याने वर ढकलायचं. कविता, बातमी आणि जाहिरात, सगळ्यांची चाल तीच. लेखाच्या डोक्यावर 'वाचनकाळ ४ मिनिटे' अशी तंबी. किंडलवर एखाद्या वाक्याखाली ठिपक्यांची रेघ, ते किती जणांनी अधोरेखित केलं हे सांगणारी. म्हणजे कुठे थबकायचं तेही परस्पर ठरलेलं. आपले दिवाळी अंक तर पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतात. दोन रकान्यांचं छापील पान बोटांच्या चिमटीने मोठं करा, रकाना संपला की परत वर जा, मग उजवीकडे. संपादकांनी मुखपृष्ठावर खर्च केलेला असतो. फोनवर हा अंक वाचायचा कसा, याचा पाच मिनिटंही विचार झालेला नसतो.

'क्रूझिंग' २००६च्या 'इलेक्ट्रॉनिक लिटरेचर कलेक्शन'च्या पहिल्या खंडात आहे. त्यात ६० कलाकृती आहेत आणि तो खंड फुकट आहे. रफल नावाच्या प्रणालीमुळे फ्लॅशमधलं बरंच जुनं काम आता पुन्हा चालू लागलं आहे. बघायचं असेल तर कृपा करून फोनवर बघू नका. घरातला जुना माऊस शोधा, संगणकाला जोडा आणि मग उघडा.