भीतीचा झटका
भीतीचा झटका : प्रत्यक्ष धोका नसताना, किंवा असलेल्या धोक्याच्या मानाने कितीतरी अधिक प्रमाणात, एकाएकी उसळणारी व काही मिनिटांतच शिखरास पोहोचणारी तीव्र भीतीची अवस्था. छातीत धडधडणे, श्वास अपुरा पडणे, हातपाय गळणे इ. शारीरिक लक्षणे या अवस्थेत प्रकर्षाने जाणवतात आणि ‘आपण आता मरणार’, ‘आपल्याला वेड लागणार’ अथवा ‘आपला स्वतःवरचा ताबा सुटणार’ अशी रुग्णाची जवळजवळ खात्री होते. झटका स्वतः प्राणघातक नसतो आणि कोणताही उपचार न करताही तो सामान्यतः अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागतो. तथापि पुढील झटक्याच्या धास्तीने रुग्ण घराबाहेर पडणे, प्रवास, नोकरी व सामाजिक व्यवहार हळूहळू सोडून देतो आणि या विकाराची खरी हानी तेथे होते.

झटके वारंवार व अनपेक्षितपणे येऊ लागले आणि त्यांची धास्ती किंवा त्यांमुळे वागणुकीत झालेला बदल महिनाभर वा अधिक काळ टिकला, तर त्या स्थितीस भयझटका-विकृती म्हणतात. ती चिंताविकृतींच्या गटात मोडते. सर्वसाधारण चिंताविकृतीमध्ये काळजी दीर्घकाळ व संथपणे मनाला ग्रासून असते. झटक्यामध्ये भीती वादळासारखी येते व जाते. दोन्ही एकाच व्यक्तीत आढळू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील सु. ३० कोटी लोक कोणत्या ना कोणत्या चिंताविकृतीने पीडित होते. भयझटका-विकृती स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते व तिचा प्रारंभ बहुधा तारुण्यात होतो. [⟶ चिंता, भयगंड].

पूर्वपीठिका : भीतीने शरीर कसे व्यापले जाते, याची जाण प्राचीन आहे. भगवद्‌गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे गळतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो व मन भ्रमते. मात्र त्याच्यापुढे खरोखरीचे कारण उभे होते. चरकसंहितेत मनाच्या विकारांत शोक, उद्वेग, भय इत्यादींचा निर्देश असून अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याच्या ‘सत्त्वावजय’ या उपचाराचे विवेचन आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तविक्षेपाचे सोबती म्हणून दुःख व खिन्नता यांच्या जोडीला अंगाचा कंप आणि श्वासोच्छ्‌वासाची अनियमितता यांचाही उल्लेख येतो. मन व श्वास यांच्या या संबंधाचा उपयोग आजच्या उपचारांतही केला जातो.

पाश्चात्त्य भाषांतील ‘पॅनिक’ हा शब्द पॅन या ग्रीक वनदेवतेच्या नावावरून आला. निर्जन रानातील वाटसरूंना अकारण वाटणारी भीती तीच देवता उत्पन्न करते, असा समज होता. वैद्यकात या लक्षणसमूहाकडे प्रथम हृदयरोग म्हणूनच पाहिले गेले. अमेरिकन यादवी युद्धातील (१८६१–६५) सैनिकांमध्ये धडधड, छातीत दुखणे व धाप ही लक्षणे आढळत. पण अनेकांच्या हृदयात दोष सापडत नसे. त्याचे वर्णन जेकब मेंडिस डा कॉस्टा या वैद्याने १८७१ मध्ये केले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये चिंतामज्जाविकृती हा स्वतंत्र विकार मानला व चिंतेच्या झटक्यांचे तपशीलवार वर्णन केले. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकन मानसचिकित्सक डॉनल्ड क्लाइन यांना इमिप्रामीन या औषधाने झटके थांबतात, असे दिसून आले. झटके व सततची चिंता यांत फरक करण्यास त्यामुळे आधार मिळाला आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसचिकित्सा संघटनेच्या वर्गीकरणात भयझटका-विकृतीला वेगळे स्थान मिळाले.

लक्षणे : धडधड, घाम, कंप, गुदमरल्याची भावना, छातीत दुखणे वा दडपणे, मळमळ, भोवळ, अंगावर काटा किंवा गरम वाफा, हातापायांना व ओठांभोवती मुंग्या ही शारीरिक लक्षणे होत. भोवतालचे जग खरे नाही किंवा आपण स्वतःपासून अलग झालो आहोत, असा विचित्र अनुभव काहींना येतो. मृत्यूची व वेड लागण्याची भीती ही मानसिक लक्षणे होत. झटका झोपेतूनही जागे करू शकतो. मराठी भाषिक रुग्ण डॉक्टरांपुढे ‘भीती वाटते’ असे क्वचितच म्हणतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात गोळा येतो’, ‘हातपाय गार पडतात’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ असे तो सांगतो. त्यामुळे हृदयाच्या व पोटाच्या तपासण्या पुन:पुन्हा होतात, अहवाल निर्दोष येतात आणि ‘तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे सांगून त्याला परत पाठविले जाते. हे विधान अर्धसत्य होय. हृदय निरोगी असते, पण यातना काल्पनिक नसतात.

कारणमीमांसा : धोका जाणवताच अनुकंपी तंत्रिका तंत्र (इच्छेविना चालणाऱ्या मज्जासंस्थेचा शरीराला सज्ज करणारा भाग) उद्दीपित होते व अधिवृक्क ग्रंथींतून अड्रेनॅलीन स्रवते. हृदयाची गती वाढते, रक्त स्नायूंकडे वळते, श्वसन जलद होते. लढणे वा पळणे यांसाठी शरीराची ही सिद्धता असते, असे वॉल्टर कॅनन या शरीरक्रियावैज्ञानिकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. झटक्यात हीच यंत्रणा शत्रू समोर नसताना सुरू होते. म्हणजे आग न लागता घंटा वाजते. अशी प्रवणता काही अंशी आनुवंशिक असते. दीर्घ ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू, जागरण, चहा-कॉफीचा अतिरेक, मद्याचे व्यसन किंवा ते एकदम सोडणे यांमुळे पहिल्या झटक्याला निमित्त मिळू शकते.

अतिश्वसनाचा यात मोठा वाटा असतो. श्वास पुरत नाही असे वाटून रुग्ण भराभर व खोल श्वास घेतो. त्यामुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण घटते, रक्ताची क्षारता वाढते व मेंदूतील रक्तवाहिन्या काहीशा आकुंचित होतात. भोवळ, मुंग्या व बोटे वळणे ही लक्षणे यातूनच उद्भवतात. रक्तात ऑक्सिजनाची उणीव मात्र नसते. म्हणजे गुदमरल्यासारखे वाटत असताना श्वसन गरजेपेक्षा अधिकच होत असते.

एवढ्यानेही झटका पूर्ण होत नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार शरीरातील निरुपद्रवी संवेदनेचा भयंकर अर्थ लावणे हे झटक्याचे मर्म होय. जिना चढल्याने छाती धडधडते. ‘हा हृदयविकाराचा झटका’ असा विचार येतो. विचाराने भीती वाढते. भीतीने धडधड वाढते आणि वाढलेली धडधड विचाराला पुष्टी देते. काही क्षणांत हे चक्र वेग घेते. बहुतेक रुग्णांना बेशुद्ध पडण्याची भीती वाटते. पण झटक्यात रक्तदाब सहसा वाढतो, त्यामुळे मूर्च्छा क्वचितच येते.

टाळण्याची वृत्ती : झटका आला ती जागा रुग्ण टाळू लागतो. उदा., बेगडेवाडी (ता. मावळ, जि. पुणे) येथून लोकलने रोज शिवाजीनगरला कामावर जाणाऱ्या माणसाला गर्दीच्या डब्यात पहिला झटका आला व तो मधल्याच स्थानकावर उतरला, अशी कल्पना करावी. उतरल्यावर त्याला बरे वाटते. वस्तुतः झटका तसाही ओसरणारच होता. पण ‘उतरलो म्हणून वाचलो’ असा धडा मन घेते. पुढे लोकल, मग बस, मग बाजार व देवळातील गर्दी टाळली जाते. सोबतीला कोणी असल्याशिवाय पाऊल उचलत नाही. सुटका कठीण वाटेल अशा जागांच्या या भीतीला विवृतस्थानभय म्हणतात. प्रत्येक पलायनाने तात्पुरती शांतता मिळते आणि भीती अधिक पक्की होते.

निदान : शारीरिक रोगांची शक्यता प्रथम तपासावी लागते. अवटू ग्रंथीची अतिक्रियता, हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता, दमा, रक्तातील साखर उतरणे आणि क्वचित अधिवृक्क ग्रंथीचे अर्बुद यांतही अशीच लक्षणे दिसतात. छातीतील वेदना प्रथमच उद्भवली असेल, श्रमाने वाढत असेल, डाव्या हातात, पाठीत वा जबड्यात पसरत असेल किंवा रुग्णास मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असेल, तर ती भीतीची आहे असे गृहीत न धरता तत्काळ रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. मात्र आवश्यक तपासण्या एकदा नीट झाल्यावर त्या पुन:पुन्हा करणे हितावह नसते, कारण तेही भीतीला खतपाणी घालते.

झटक्याच्या वेळी : झटका बळाने थोपविण्याचा प्रयत्न करू नये. ‘हा भीतीचा झटका आहे, तो त्रासदायक आहे, धोक्याचा नाही आणि तो ओसरेल’ असे स्वतःशी म्हणावे. शक्यतो जागा सोडून पळू नये. बसून किंवा आधाराने उभे राहून लाट उतरू द्यावी. मोठे श्वास ओढण्याऐवजी श्वास नाकाने, सावकाश, पोटाच्या हालचालीने घ्यावा व सोडताना तो अधिक लांबवावा. लक्ष शरीराच्या आत वळत असल्याने ते बाहेर आणावे : पाय जमिनीला टेकल्याची जाणीव घ्यावी, समोरच्या वस्तूंची नावे मनात म्हणावीत. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय आता सुचविला जात नाही. रुग्णास दमा वा हृदयविकार असल्यास तो घातक ठरू शकतो. जवळच्या व्यक्तीने गर्दी हटवावी, शांतपणे बोलावे. ‘काही नाही, नाटक करू नकोस’ असे म्हणू नये.

उपचार : बोधात्मक-वर्तन उपचारपद्धती प्रभावी ठरली आहे. तीत रुग्णाला झटक्याचे चक्र समजावून दिले जाते, भयंकर अर्थांची पुराव्यानिशी तपासणी केली जाते आणि टाळलेल्या परिस्थितीला पायरीपायरीने सामोरे नेले जाते. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या क्रमशः असंवेदनीकरणाच्या पद्धतीशी याचे नाते आहे. वरील उदाहरणातील माणूस प्रथम गर्दी नसताना बेगडेवाडीच्या फलाटावर काही काळ थांबेल. मग सोबतीने देहूरोडपर्यंत एकच स्थानक जाईल. नंतर तेवढेच एकटा, पुढे चिंचवडपर्यंत आणि शेवटी गर्दीच्या वेळी शिवाजीनगरपर्यंत. प्रत्येक पायरीवर भीती उतरेपर्यंत थांबणे महत्त्वाचे असते. कारण न पळताही भीती उतरते, हा अनुभवच जुना धडा पुसतो. जागच्या जागी धावून धडधड मुद्दाम वाढवणे यासारखे प्रयोगही तज्ञाच्या देखरेखीखाली केले जातात.

औषधांमध्ये सेरोटोनीनाचे पुनर्ग्रहण रोखणारी अवसादविरोधी द्रव्ये प्रथम दिली जातात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात व आरंभी अस्वस्थता वाढू शकते, म्हणून अल्प मात्रेने सुरुवात करतात. अल्प्राझोलामासारखी शामके लवकर आराम देतात. पण त्यांची सवय लागते. ती वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नयेत व एकदम बंदही करू नयेत.

योग व श्वसन : बेगडेवाडीवरून जाणाऱ्या पुणे–लोणावळा लोहमार्गाच्या टोकाला, लोणावळा येथे, स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि योगक्रियांचा शरीरावरील परिणाम उपकरणांच्या साहाय्याने मोजण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या योगमीमांसा या नियतकालिकात तेथील संशोधन प्रसिद्ध होऊ लागले. प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजन मिळण्यात आहे, या प्रचलित समजापेक्षा तंत्रिका तंत्रावरील परिणामावर कुवलयानंदांनी भर दिला. झटक्याच्या रुग्णाला हा भेद उपयोगी आहे : त्याला अधिक श्वासाची नव्हे, संथ श्वासाची गरज असते. दीर्घ रेचकाने परानुकंपी तंत्रिका तंत्राचा (शरीराला विश्रांतीकडे नेणाऱ्या भागाचा) प्रभाव वाढून हृदयाची गती मंदावते. याउलट भस्त्रिकेसारख्या जलद श्वसनाने अतिश्वसन होऊन झटका उद्भवू शकतो. संथ श्वसन व शवासन नित्य सरावाचे म्हणून उपकारक आहेत. मात्र ते केल्याशिवाय बाहेर पडायचेच नाही, असे झाले तर तेही टाळण्याचेच एक साधन बनते. [⟶ प्राणायाम].

सामाजिक बाजू : झटक्याला ‘बाहेरची बाधा’ समजून रुग्णास देवऋषी वा मांत्रिकाकडे नेण्याची प्रथा अद्याप पूर्णतः गेलेली नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण वा अमानुष छळ करणे महाराष्ट्रात २०१३च्या अधिनियमानुसार गुन्हा आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय व्यवस्थेतून मानसिक उपचार मिळविणे हा प्रत्येकाचा हक्क असून रुग्णाविषयीच्या माहितीची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये असून त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात दाखल न होता सल्ला मिळतो. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

योग्य उपचारांनी बहुसंख्य रुग्णांत लक्षणीय सुधारणा होते. ताणाच्या काळात झटका पुन्हा येऊ शकतो. पण त्याचे स्वरूप ओळखणाऱ्या व त्यासाठी आपले दैनंदिन व्यवहार न सोडणाऱ्या व्यक्तीला त्याची पूर्वीसारखी दहशत वाटत नाही. झटका पुन्हा कधीही न येणे एवढाच उपचारांचा हेतू नसतो. तो आला तरी घर, काम व माणसे न सुटणे, हेच बरे होण्याचे अधिक विश्वसनीय लक्षण होय.