टोमॅटोला भुंगा लागतो

मुलांनो, टोमॅटोच्या फुलात मध नसतो. पराग असतो, पण नळीत कोंडलेला. फूल थरथरले तरच तो सांडतो. मधमाशीला ते जमत नाही. थंड मुलखात बंबलबी नावाचा केसाळ भुंगा असतो. तो फुलाला लटकून असा घुमतो, की पराग भुरुभुरु पडतो!

हॉलंडात टोमॅटो काचघरात पिकवतात. तिथे वारा कुठला? पूर्वी मजूर विजेच्या यंत्राने एकेक घोस हलवीत. केवढी मजुरी! १९८५ च्या सुमारास बेल्जियमच्या एका पशुवैद्याने हे काम भुंग्यांकडून करवून पाहिले. आता भुंगे पेटीतून विकत मिळतात. चिली देशात मात्र असे आणलेले भुंगे रानात पसरले, आणि तिथला मूळचा नारिंगी भुंगा कमी झाला.

आपल्या वांग्याच्या फुलावर काळा भुंगा हेच काम फुकट करतो. वाशाला भोके पाडतो म्हणून आपण ज्याला मारतो ना, तोच हा.